दर पावसाळ्यात मॅग्नेशियम का घसरतं? डोस टाकायच्या आधी खारटपणा तपासा

मंडळी, हे जरा सविस्तर लिहितोय कारण गेल्या दोन आठवड्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारलाय, आणि तिघंही पुण्यातलेच. खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टँकचं मॅग्नेशियम ११५० पीपीएमवर (लिटरला साधारण तेवढे मिलिग्रॅम) आलंय, डोस टाकला की दोन दिवस बरं दिसतं, परत खाली, काय करू? मला स्वतःला हा प्रश्न सलग तीन पावसाळे पडला. पहिले दोन पावसाळे मी चुकीच्या ठिकाणी शोधत बसलो आणि त्यात दोन गोगलगायी गेल्या, त्याचं अजून वाईट वाटतं. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून जे समजलं ते सगळं सांगतो.

आधी माझा सेटअप सांगतो म्हणजे आकडे तुमच्या टँकला लावून बघता येतील. कोथरूडला फ्लॅट, हॉलमध्ये ३ फूट बाय दीड बाय दीडचा टँक, खाली सम्प (टँकचं पाणी फिरून जातं ती दुसरी टाकी), दगड आणि वाळू वजा जाता खरं पाणी साधारण २०० लिटर. प्राणी म्हणजे झोआ, मश्रूम, दोन लेदर असे मऊ कोरल, एक क्लाउन माशांची जोडी, टर्बो गोगलगायी आणि दगडांवर भरपूर जांभळी कोरलाइन, म्हणजे चुन्याचं कवच असलेलं शेवाळ. स्टोनी, म्हणजे कठीण सांगाड्याचे कोरल नाहीत, ते आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये येतात आणि मी त्या वाटेला गेलो नाही. म्हणजे कॅल्शियम, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट), मॅग्नेशियम खाणारं माझ्या टँकमध्ये फार कुणी नाहीच, मुख्य खर्च कोरलाइनचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, सगळं उत्तर त्यातच होतं आणि मला दोन वर्षं दिसलं नाही.

तर पहिल्या वर्षी काय झालं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात टेस्ट केली, मॅग्नेशियम ११५०. एरवी १२२०-१२३० असायचं, ते पण थोडं कमीच पण मी म्हणायचो ठीक आहे. ११५० बघून घाबरलो, मॅग्नेशियम क्लोराइडचे फ्लेक्स मागवले, हिशोब केला आणि एकाच रात्री दोन डोस टाकले, तेही सम्पमध्ये नाही तर सरळ वरच्या मुख्य टँकमध्ये ओतून. सकाळी उठून बघतो तर काचेवरच्या गोगलगायी खाली वाळूत आडव्या, पाय बाहेर लोंबतोय, हात लावला तरी आत घेत नाहीत. तेव्हा कारण माहीत नव्हतं. नंतर वाचलं की सागरी जीवशास्त्राच्या लॅबमध्ये गोगलगायी, ॲनिमोन वगैरे प्राण्यांना बेशुद्ध करायला, त्यांचे स्नायू सैल पाडायला मॅग्नेशियम क्लोराइडचंच द्रावण वापरतात. म्हणजे मी ज्या कोपऱ्यात घट्ट द्रावण ओतलं तिथल्या बिचाऱ्या गोगलगायींना मी भूलच दिली होती. त्या रात्रीच्या दोन गेल्या, बाकीच्या पाणी बदलल्यावर सावरल्या. डोस कायम सम्पमध्ये, भरपूर प्रवाह असेल तिथे, पातळ करून आणि हळूहळू टाका, मोठ्या टँकवाल्यांनीही.

आणि गंमत बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं, पाणी भराभर उडायला लागलं, आणि दिवाळीच्या आसपास टेस्ट केली तर मॅग्नेशियम १४०० च्या पुढे. मधल्या काळात मी काही टाकलंच नव्हतं! जे न टाकता वर जातं आणि न खर्च होता खाली येतं ते मॅग्नेशियम नसून दुसरंच काहीतरी हलतंय, हे तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी मी किटवर संशय घेतला, दुसऱ्या कंपनीचं महागडं किट आणलं, त्यानेही ११६० दाखवलं. मग मिठावर संशय घेतला आणि मिठाची कंपनी बदलली, तरी तेच.

तिसऱ्या वर्षी सदाशिव पेठेतल्या एका काकांना फोन केला. आमच्यातले सगळ्यात जुने खाऱ्या पाण्याचे टँकवाले, काचा स्वतः चिकटवायचे त्या काळापासूनचे. मी सगळी कहाणी सांगितली, किट कुठलं, डोस किती, अल्कलिनिटी किती. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फक्त खारटपणा, म्हणजे पीपीटी, किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार, एवढंच विचारलं, "मीठ किती आहे?" मी म्हणालो, "काका, ३३ आहे, चालतं तेवढं." ते म्हणाले, "३३ कशावर मोजलंस? आणि ते कशाने सेट केलंस?" मी म्हणालो आरओच्या पाण्याने शून्य केलंय. "मग तुझं ३३ हे ३३ नाही. संध्याकाळी ये, माझ्याकडे ३५ चं स्टँडर्ड आहे, बरोबर तुझं यंत्र आण."

गेलो. स्टँडर्डचे, म्हणजे खारटपणा आधीच माहीत असलेल्या पाण्याचे दोन थेंब माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) टाकले, काच बंद केली, एक मिनिट थांबलो, उजेडात धरलं. ३५ च्या जागी ३६ आणि ३७ च्या मधे रेघ.

बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर हे साध्या मिठाच्या पाण्यासाठी, म्हणजे सोडियम क्लोराइडच्या द्रावणासाठी बनवलेले असतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असं सगळं असतं, त्यामुळे प्रकाश थोडा वेगळा वाकतो. तसल्या यंत्राला शुद्ध पाण्याने अगदी बरोबर शून्य केलं तरी खरं ३५ चं समुद्राचं पाणी त्यावर साधारण ३६.५ दिसतं. म्हणजे शून्यावर बरोबर आणि ३५ वर दीडने चूक. आपल्याला शून्याशी काय करायचंय, आपला टँक ३५ वर चालतो, तर यंत्र ३५ वरच सेट करा. समुद्राच्या पाण्याचं ३५ पीपीटीचं स्टँडर्ड घ्या, ज्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) २५ अंशाला ५३ मिलिसिमेन्स असते असं बाटलीवर लिहिलेलं असेल. एक छोटी बाटली वर्षभर पुरते, झाकण घट्ट लावायचं, नाहीतर पाणी उडून स्टँडर्डच खारट होतं.

आता माझा हिशोब लावून बघा. मी ज्याला वर्षभर ३५ म्हणत होतो ते खरं ३३.४ च्या आसपास. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात ३५ पीपीटीला मॅग्नेशियम साधारण १२८५ पीपीएम असतं. ३३.४ ला ते किती होईल? १२८५ गुणिले ३३.४ भागिले ३५, म्हणजे १२२६. अगदी तेच जे मी एरवी बघायचो! आणि पावसाळ्यात यंत्र ३३ दाखवत होतं म्हणजे खरं ३१.५. त्याला मॅग्नेशियम येतं ११५६. किटने ११५० दाखवलं. किट बरोबर होतं, मीठ बरोबर होतं, टँकमधून मॅग्नेशियम कुठेही जात नव्हतं, फक्त पाणी पातळ झालं होतं.

हा नियम नवा नाही. चॅलेंजर नावाचं जहाज १८७२ ते १८७६ जगभरच्या समुद्रांत फिरून आलं, त्यांनी आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनतज्ज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निकाल छापला की पाणी कुठल्याही महासागराचं असो, खारटपणा कमीजास्त होतो पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास सारखंच राहतं. म्हणून खारटपणा दहा टक्के पडला की मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळं दहा टक्के पडणार, त्यात आजार काहीच नाही. म्हणून माझी पहिली विनंती, किटवर जो आकडा येईल त्याला ३५ ने गुणा आणि तुमच्या खऱ्या खारटपणाने भागा. जे येईल ते तुमचं खरं मॅग्नेशियम समजा. माझं ११५० गुणिले ३५ भागिले ३१.५ म्हणजे १२७८. काही टाकायची गरज नव्हती.

पण मग पावसाळ्यातच का, हा प्रश्न राहतोच. ते शोधायला मला अजून दोन आठवडे लागले. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४० च्या आसपास जातो, हवा कोरडी, टँकवर दोन पंखे चालू, माझं रोज ३ लिटर पाणी उडतं. म्हणून मी टॉप-अपसाठी, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढायला छोटा डोसिंग पंप टायमरवर लावला होता, रोज ३ लिटर आरओचं पाणी. जून उजाडला, पाऊस सुरू झाला, हवेत इतका दमटपणा की दोन दिवस कपडे वाळत नाहीत, पंखे बंद, आणि पाणी उडतंय जेमतेम दीड लिटर. पंप मात्र इमानदारीत ३ लिटर ओततोय. सम्पची पातळी वाढली की मी मगाने काढून बेसिनमध्ये ओतायचो, मनात विचार हाच की जास्त झालंय तर काढू. अहो, पण मी काढत होतो ते खारं पाणी आणि वर येत होतं ते गोडं! २०० लिटरमधून एक बादली, १२ लिटर खारं पाणी असं गेलं आणि तिच्या जागी गोडं आलं की ३३.४ चं ३१.४ होतं. आठवडाभरात एवढं सहज होतं आणि माशांकडे बघून काही कळत नाही.

म्हणून टायमरवरचा टॉप-अप कृपा करून ठेवू नका. पातळीवर चालणारा ठेवा, फ्लोट स्विच किंवा ऑप्टिकल सेन्सरवाला, म्हणजे जेवढं उडालं तेवढंच येईल. आणि फ्लोट दर पंधरा दिवसांनी हाताने हलवून बघा, त्यावर मिठाचा थर बसतो किंवा छोटी गोगलगाय चढून बसते आणि तो अडकतो. सम्पमध्ये मार्करने एक रेघ मारून ठेवा. पातळी रेघेच्या वर गेली तर आधी विचार करायचा की हे जास्तीचं पाणी आलं कुठून, मग बादली घ्यायची.

पावसाळ्याचा दुसरा फटका बसतो तो पिशवीला. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा इतका ओढतं की जुलैमध्ये पाकीट उघडं राहिलं तर चार दिवसांत फ्लेक्स चिकट होतात आणि आठवड्यात तळाशी पाणी सुटतं. आता हे ओले फ्लेक्स तुम्ही काट्यावर १०० ग्रॅम मोजले तर त्यात कितीतरी ग्रॅम नुसतं हवेतलं पाणी, मॅग्नेशियम त्या मानाने कमी. मग डोस टाकून टेस्ट केली की आकडा अपेक्षेएवढा वर येत नाही आणि माणूस म्हणतो माझा टँक मॅग्नेशियम खातोय. वाघोलीच्या माझ्या मित्राचं गेल्या वर्षी अगदी हेच झालं, त्याचा खारटपणा बरोबर होता, किट बरोबर होतं, फ्लेक्स मात्र ओले गच्च.

यावर माझा उपाय असा की पाकीट उघडलं की त्याच दिवशी सगळंच्या सगळं द्रावण करून टाकायचं, द्रावणाला दमट हवेचा त्रास नाही. प्रमाण देतो. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट, ज्यात मॅग्नेशियम साधारण १२ टक्के असतं, ते १ किलो. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट, त्यात जवळजवळ १० टक्के, ते १३० ग्रॅम. दोन्ही आरओ-डीआयच्या (आरओनंतर उरलेले क्षारही रेझिनने काढलेल्या) पाण्यात विरघळवून एकूण २.६५ लिटर करायचं. एकूण हा शब्द महत्त्वाचा, २.६५ लिटर पाणी ओतायचं नाही, तर आधी दीड लिटरभर पाण्यात विरघळवून मग वरून पाणी टाकत खुणेपर्यंत आणायचं. याच्या १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम येतं. २०० लिटर पाण्यात १०० मिलिलिटर टाकलं की २५ पीपीएम वाढतं. तुमचं पाणी १०० लिटर असेल तर तेवढ्यातच ५० वाढेल. टँकचं माप घेताना काचेच्या बाहेरून लांबी-रुंदी गुणू नका, दगड, वाळू, वरची रिकामी जागा वजा करा, नाहीतर डोस जास्त पडतो.

दोन्ही क्षार मिसळायचं कारण असं की समुद्राच्या पाण्यात क्लोराइड आणि सल्फेट वजनाने साधारण सातास एक असतात, आणि वरच्या मिश्रणात ते प्रमाण जवळपास तसंच राहतं. नुसतं एप्सम सॉल्ट मेडिकलमध्ये स्वस्त मिळतं म्हणून वर्षभर तेच टाकत राहिलात तर सल्फेट साचत जातं. एखाद्या वेळी हाताशी तेवढंच असेल तर काही बिघडत नाही, पण सवय नको. आणि शेतीच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट किंवा फरशीच्या कामाचं इंडस्ट्रियल मॅग्नेशियम क्लोराइड टँकमध्ये घालू नका, कितीही पैसे वाचत असले तरी. इंडस्ट्रियल क्लोराइड बहुतेकदा मिठागरांत मीठ काढून झाल्यावर उरलेल्या कडू पाण्यापासून बनतं, आणि दोन्हींचं शुद्धीकरण त्या त्या कामापुरतंच असतं, काही मालात अमोनियासुद्धा निघतो. नवीन पाकीट आणलं की द्रावण थोडं आरओच्या पाण्यात टाकून अमोनियाची टेस्ट करून घ्यायची, पाच मिनिटांचं काम आहे.

टँकच्या मिठाच्या बादलीचंही तेच. पावसाळ्यात झाकण नीट लागलं नाही तर मीठ दगडासारखं होतं, आणि ओलावा सगळ्यात आधी धरतात ते त्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार. तुम्ही दर वेळी वजनावर मीठ घालत असाल तर ओल्या मिठाने पाणी पातळ होणार, म्हणून वजन अंदाजापुरतं आणि शेवटचा निर्णय मोजणीवर. मोठी बादली असेल तर वापरण्याआधी आडवी करून लोळवा, कारण बारीक दाणे तळाशी बसतात आणि वरच्या मिठात एक प्रमाण, तळाच्या मिठात दुसरं असं होऊ शकतं.

आता टेस्टबद्दल. मॅग्नेशियमची बहुतेक घरगुती किट टायट्रेशनची असतात, सिरिंजने थेंब थेंब टाकत रंग बदलेपर्यंत जायचं. यात ३०-४० पीपीएम इकडेतिकडे होणं अगदी साहजिक आहे, त्यामुळे १२९० चं १२६० झालं म्हणून काहीही करू नका. सिरिंजच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकला की आकडा चुकतो. पावडरवाली बाटली दमट हवेत गोळा होते, ती वापरायच्या आधी हलवून मोकळी करा. आणि रंग दिवसा खिडकीपाशी, पांढऱ्या कागदासमोर बघा, पावसाळी अंधारात ट्यूबलाइटखाली जांभळा कधी संपला आणि निळा कधी सुरू झाला हे कळत नाही. मी एकाच पाण्याच्या तीन टेस्ट करतो आणि मधला आकडा धरतो.

यापेक्षाही उपयोगी युक्ती म्हणजे नवीन मिठाचं पाणी बरोबर ३५ वर कालवा, रात्रभर फिरू द्या आणि त्याच किटने त्याचं मॅग्नेशियम मोजा. तिथेही ११५० आलं तर दोष टँकचा नाहीच, किट जुनं झालंय किंवा मिठातच मॅग्नेशियम कमी आहे. मग दुसऱ्या कुणाच्या किटने तेच पाणी तपासलं की दोघांपैकी कोण ते समजतं. मीठच कमी निघालं तर वॉटर चेंज करून करून मॅग्नेशियम कधीच वर येणार नाही, प्रत्येक वॉटर चेंज टँकला मिठाच्या आकड्याकडे ओढणार. तेव्हा नवीन पाण्यातच द्रावण टाकून १३०० करून घ्यायचं आणि मग ते वापरायचं.

मॅग्नेशियम खरंच कधी कमी होतं, तेही सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल हा सगळं खारटपणावरच ढकलतोय. कोरलचा सांगाडा बनताना १ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक) अल्कलिनिटी खर्च झाली की कॅल्शियम ७ पीपीएमच्या आसपास खर्च होतं आणि मॅग्नेशियम त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढं किंवा त्याहूनही कमी. कोरलाइन मॅग्नेशियम जास्त घेते, तिच्या कवचात ते बऱ्यापैकी असतं. माझ्यासारख्या सॉफ्ट टँकमध्ये रोज ०.३ डीकेएच खर्च धरला तर कॅल्शियम रोज २ आणि मॅग्नेशियम रोज ०.२. मग शंभर पडायला वर्षाहून जास्त लागेल, त्यात वॉटर चेंजने भर पडतच असते. म्हणून आठवड्यात ७०-१०० पडलं असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा मोजणीकडे आणि खारटपणाकडेच बघतो. ज्यांचे टँक भरगच्च वाढीचे आहेत, रोज दोन-तीन डीकेएच खर्च होतात आणि ते कॅल्शियम-अल्कलिनिटीचे दोनच डोस टाकतात, मॅग्नेशियम कधीच टाकत नाहीत, त्यांचं महिन्याला वीसेक पीपीएम सहज जाऊ शकतं. तिथे वाढत जाणारी खरी तूट आहे आणि तिथे डोस हवाच.

खऱ्या तुटीची ओळख वेगळी असते. अल्कलिनिटी टाकता, दुसऱ्या दिवशी गायब, कॅल्शियम ४०० च्या वर टिकत नाही, हीटरवर आणि रिटर्न पंपाच्या आत पांढरा खडबडीत थर, वाळूचे गोळे. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरच्या कॉइलवर जसा थर बसतो तसाच, तोही कॅल्शियम कार्बोनेटच. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतकं असतं की ते खरं तर आपोआप खाली बसायला हवं, त्याला अडवून धरतं ते मॅग्नेशियम. गुलाबजामच्या पाकाची परत साखर होऊ नये म्हणून आई लिंबू पिळते ना, त्याने पाकात वेगळ्या जातीची साखर तयार होते आणि ती स्फटिकाला नीट जमू देत नाही. मॅग्नेशियम तसंच, बनत चाललेल्या स्फटिकाच्या पृष्ठभागात घुसतं आणि पुढचा थर नीट बसू देत नाही. ते खूप कमी झालं की हा पहारा सुटतो आणि तुम्ही टाकलेलं कॅल्शियम-अल्कलिनिटी प्राण्यांच्या आधी हीटरला मिळतं. असा थर दिसला आणि खारटपणा बरोबर असूनही मॅग्नेशियम १२०० च्या खाली असेल, तर आधी मॅग्नेशियम वर आणा, मगच अल्कलिनिटीच्या मागे लागा. उलट्या क्रमाने केलं तर पैसे आणि पावडर दोन्ही वाया.

चुन्याची निवळी वापरणाऱ्यांसाठी एक वाक्य, त्या निवळीच्या ड्रममध्ये मॅग्नेशियमचं द्रावण मिसळू नका, तिथला पीएच इतका जास्त असतो की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन तळाला बसतं. सोड्याच्या अल्कलिनिटीच्या डोसाबरोबरही नाही. वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी.

डोसचा वेग, मी एका दिवसात ५० पीपीएमच्या वर कधीच जात नाही, म्हणजे वरचं द्रावण माझ्या टँकला २०० मिलिलिटर, तेही दोन लिटर आरओच्या पाण्यात पातळ करून दिवसभरात थोडं थोडं सम्पमध्ये. दोन दिवस थांबून परत टेस्ट. लक्ष्य १२५० ते १३५० कुठेही चालतं, मी १३०० च्या आसपास ठेवतो.

आणि ज्यांचा खारटपणाच कमी निघेल त्यांनी मॅग्नेशियमला हात लावू नका. टॉप-अपला काही दिवस गोड्या पाण्याच्या जागी ३५ चं खारं पाणी टाका, दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त वाढवू नका, गोगलगायी आणि कोळंबी यांना झटका सोसत नाही. मी ३१.५ वरून ३५ ला यायला दोन आठवडे घेतले. पंधराव्या दिवशी मॅग्नेशियम १२८०, काहीही न टाकता. झोआ ज्या महिनाभर अर्ध्या मिटलेल्या होत्या त्या पूर्ण उघडल्या.

टॉप-अपच्या पाण्याचंही बघा. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी मिनरलची कॅट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलर असतो, त्यातून ४०-५० टीडीएसचं पाणी येतं आणि ते वर्षभर साचत राहतं. खडकवासल्याचं कॉर्पोरेशनचं पाणी तसं मऊ असतं पण वाघोली, उंड्रीकडे टँकर आणि बोअरवर असाल तर आरओनंतर डीआयचा टप्पा हवाच, मीटरवर शून्य दिसेपर्यंत. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं की अलिबागहून कॅन भरून समुद्राचंच पाणी आणलं तर? पावसाळ्यात किनाऱ्याला नद्यांचं इतकं पाणी येऊन मिळतं की ते पाणी आधीच पातळ असतं, मॅग्नेशियमही त्याच मापाने कमी, शिवाय गढूळपणा आणि गावाचं सांडपाणी वेगळंच. नका आणू.

मला विचारताना फक्त मॅग्नेशियमचा आकडा पाठवू नका. खारटपणा किती, कशावर मोजला, ते यंत्र कशाने सेट केलं, टॉप-अप कसा चालतो, नवीन कालवलेल्या पाण्याचं मॅग्नेशियम किती, आणि अल्कलिनिटी रोज किती पडते, एवढं पाठवा, बाकी आपण बसून काढू. ज्या तिघांनी विचारलं त्यातल्या दोघांचं यंत्र रिफ्रॅक्टोमीटरच आहे आणि दोघांनीही आरओच्या पाण्यानेच शून्य केलंय. रविवारी सकाळी मी ३५ च्या स्टँडर्डची बाटली घेऊन वाघोलीला जातोय, त्या बाजूला कुणी असेल तर आपापलं यंत्र घेऊन या, एका बाटलीत दहा जणांचं होईल.